थेट लोकांकडे

"बालविभाग बंद करा, नव्या यंत्रांचं कर्ज लगेच देतो," बँकेचे साहेब म्हणाले आणि रिकामा कप बाजूला सरकवला.

मालकीणबाईंनी तो उचलून ट्रेमध्ये ठेवला. त्यांच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनत. मोठ्यांच्या पायांवर कारखाना चाले. मुलांच्या पायांत नुसता तोटा. मूल वाढतं, पाय वाढत नाही. दरवेळी नवा पाय कुठल्या आईबापांना परवडणार? म्हणून बाई तो निम्म्या किमतीत देत. बालविभाग म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

साहेब दर महिन्याला येऊन सगळीकडे नाक खुपसत. ते आले की खुर्ची पुसावी लागे, म्हणून कामगार पाठीमागे त्यांना जावईबापू म्हणत.

"मावशी, तू बँकेच्या दारात जातेसच कशाला?" परदेशात शिकून आलेला भाचा संध्याकाळी म्हणाला. "तिकडे कंपन्या थेट लोकांकडे जातात. शेअर विकतात."

"लोक म्हणजे कोण रे?"

"कोणीही. शिक्षिका, न्हावी, पोस्टमन."

"आणि सगळे येऊन माझ्या डोक्यावर बसले म्हणजे?"

"अगं, एकेकाचा वाटा चिमूटभर. वर्षातून एकदा सभेला यायचं, हात वर करायचा, घरी जायचं."

बाईंना मोठी गंमत वाटली. आपल्या कारखान्याला न्हावी मालक! त्यांनी निम्म्याहून जास्त वाटा विकायला काढला.

इथे शेअर बँकेच्या खिडकीवरच विकले जातात हे कळल्यावर मात्र त्या धास्तावल्या. पण जावईबापू उलट खुशीत. "आमची खिडकी तुमचीच की!" बाईंना आपल्याच संशयाची लाज वाटली.

विक्रीच्या दिवशी त्यांना राहवेना. त्या बँकेत जाऊन बाकावर बसल्या आणि आपले नवे मालक न्याहाळू लागल्या. रांग दारापर्यंत गेली होती.

"शेअरचे कागद घरी नेताय की आमच्याकडे ठेवू?" कारकून प्रत्येकाला विचारत होता.

"ठेवा तुमच्याकडेच. घरी पोरं विमानं करतील," एक गृहस्थ म्हणाले आणि दाखवलेल्या जागी सही करून मोकळे झाले. मागच्यांनीही तेच केलं.

रांगेतल्या एका शिक्षिकेने बाईंना ओळखलं. "माझ्या वर्गातली एक मुलगी तुमचा पाय लावून धावते. तो विभाग बंद नका करू हं."

"ते आता तुम्हीच ठरवायचं," बाई म्हणाल्या. त्यांना भरून आलं होतं.

यंत्रं आली. वर्ष सरलं. जावईबापूंची कटकट एकदाची मिटावी म्हणून बाईंनी सभेपुढे पहिलाच प्रश्न ठेवला: बालविभाग चालू ठेवायचा की बंद करायचा? लोकांनीच सांगू दे.

शाळेचं सभागृह घेतलं, खुर्च्या मांडल्या. वेळ झाली तरी एकटे जावईबापूच आले आणि पहिल्या रांगेत ऐसपैस बसले.

"थांबू थोडं," भाचा म्हणाला. "निम्म्या शेअरची मतं आल्याशिवाय सभा भरत नाही."

"थांबायचं कशाला? सगळे आलेत," जावईबापू म्हणाले.

बाईंनी दाराकडे पाहिलं. "कुठे आहेत?"

"ज्याचे शेअर आमच्या तिजोरीत, त्याचं मतही आमच्याकडे. सही त्याचीच असते, बाई. इथली जुनी रीत आहे ही." जावईबापूंनी हात वर केला. "बालविभाग बंद करावा, असं सगळ्यांचं म्हणणं आहे."