तिघं की तिघी

चौदा मार्च, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. जेवणाच्या टेबलावर एकशे चव्वेचाळीस लष्करी सदरे होते आणि प्रत्येकाला सात बटणे लावायची होती. सोळा वर्षांची मुलगी सत्ताविसाव्या सदऱ्याचा दोरा तोडत असताना दारावर थाप पडली.

आईने माळ्याकडे पाहिले नाही. मुलीनेही नाही, तसे ठरलेलेच होते. माळ्यावर, रिकाम्या ट्रंकांच्या मागे, दादा होता. रजा संपूनही तो आघाडीवर परतला नव्हता, त्याला एकवीस दिवस झाले होते. पळालेल्या सैनिकाला आसरा देणारे अख्खे घर तुरुंगात जाईल, अशी नोटीस चौकात लागली होती. म्हणून आई रोज उजळणी घ्यायची.

"घरात किती जणं, विचारलं तर?"

"तिघी. तू, मी आणि मावशी."

दारात रेशन कार्यालयाचा कारकून होता. "तपासणी आहे. घरात माणसं किती?"

आई सदरे आवरत होती. मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या. उत्तर मुलीनेच दिले.

"तिघं."

कारकुनाची पेन्सिल थांबली. "तिघं? पुरुष माणूस तर दिसत नाही कुठे."

"तिघी," मुलगी म्हणाली.

मावशीने टाचण्या काढल्या. "एवढी घोडी झाली, पण व्याकरणात भोपळा! शाळा सोडवून बटणांना बसवली साहेब, त्याचं हे फळ."

कारकून हसला, त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि तो गेला.

दुपारी दोन वाजता लष्कराची गाडी आली. चार शिपाई कोणाला काही न विचारता शिडी लावून माळ्यावर चढले. खाली उतरताना दादाने मुलीकडे पाहिले.

"एवढंसं तोंड नको करूस, छोटे. बटणं घट्ट लाव. आमची फार सुटतात."

गाडी वळणापलीकडे गेल्यावर आई एवढेच बोलली, "एका अक्षरानं घात केलास."

दादाला पुन्हा आघाडीवर धाडले. बावीस दिवसांनी तार आली.

त्यानंतर माणसे मोजून सांगण्याची वेळ आली की मुलगी नुसती बोटे दाखवी. "पोर होती गं, किती जाळशील तिला?" मावशी मरेपर्यंत म्हणत राहिली, आई गप्प राहिली. स्वतःच्या लग्नाचा विषय मुलीने स्वतःच मिटवला. आईचे दुखणे तिने अकरा वर्षे एकटीने काढले. शेवटच्या आठवड्यात तिने एकदाच विचारले, "मला माफ केलंस का?"

आईने भिंतीकडे कूस वळवली. "झालं ते झालं."

चौतीस वर्षांनी युद्धकाळातले सरकारी कागद लोकांसाठी खुले झाले. ती पहिल्याच दिवशी गेली. आपली चूक तिला एकदा लेखी पाहायची होती.

अभिलेखागारातल्या तरुण कर्मचारी मुलीने फाइल समोर ठेवली. "काकू, रेशनच्या कारकुनाचा अहवाल हवा होता ना? हा बघा. चौदा मार्च. 'स्त्रिया तीन. संशयास्पद काही नाही.'"

तिने ती ओळ तीनदा वाचली. "एवढंच? मग शिपायांना कळवलं कोणी?"

"त्याचा फॉर्म वेगळा असतो." कर्मचारी तरुणीने पाने उलटली. "हा घ्या. दोन दिवस आधीचा आहे, बारा मार्चचा."

फॉर्म हाताने भरलेला होता. अक्षर वाचायला तिला चष्मा लागला नाही.

लपण्याची जागा: माळा, ट्रंकांमागे. कळवणाऱ्याचे सैनिकाशी नाते: आई. आपणहून कळवल्यामुळे शिक्षेतून वगळलेल्या व्यक्ती: ३.