गॅलरीतला दुजोरा

मुलगा सॉफ्टवेअरमधला, दिवाळीनंतर अमेरिकेला जाणारा. म्हणून आईने पूर्वाला महिनाभर आधी कोथरूडच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घातलं होतं. "तो म्हणेल त्याला हो म्हण, पण इंग्रजीत," एवढीच आईची ताकीद. पोहे झाले आणि थोरांनी दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं.

"आय लाइक ट्रेकिंग," तो बाइकची किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाला.

"सो डू आय," पर्वतीपलीकडे काहीही न चढलेली पूर्वा म्हणाली.

"आय लव्ह स्नो."

"सो डू आय." साडीचा पदर पिळून पिळून तिने पार चुरगळून टाकला होता.

किल्ली फिरायची थांबली. खालच्या रस्त्याकडे बघत तो पुटपुटला, "आय डोन्ट वॉन्ट टु गेट मॅरीड."

"नायदर डू आय," घोकलेलं उत्तर तिच्या तोंडून आपसूक निघालं. मलाही नको, हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने पदर सोडून दिला.

आई दारातच ताटकळत होती. "काय गं, जुळतंय का?"

"आई, अगदी एकमत झालं आमचं."