मालिनीताईंची मान

"अभिजात संगीत म्हणजे या क्षणाचं सत्य! ते डब्यात भरून ठेवता येत नाही आणि गरम करून परत वाढता येत नाही!" मोहन देवस्थळी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. मग त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि कॅमेऱ्यामागे बसलेल्या त्यांच्या बायकोने, शरयूने, त्यांचा माइक बंद करून सोमवारच्या तालमीचं रेकॉर्डिंग लावलं.

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या त्या बेसमेंटमध्ये सकाळचे सहा वाजले होते. मोहनरावांच्या दिवाळी पहाटेचं हे सतरावं वर्ष, आणि समोर एकही माणूस नसण्याचं पहिलं. करोनामुळे शाळेचा हॉल बंद होता. श्रोते लॅपटॉपवर होते, चौकटीत एकेक. त्रेपन्न चौकटी.

मोहनरावांना बोलायला आवाज होता, गायला नव्हता. गुरुवारपासून वरच्या सुरांत गेलं की गळा फाटायचा. कार्यक्रम कॅन्सल केला असता तर प्रश्न मिटला असता. पण पहिल्या चौकटीत मालिनीताई खांबेटे होत्या.

मालिनीताई राहायच्या दूर दक्षिणेकडे, कॅरी गावाला. त्यांचा धाक मात्र तिथून चार-पाच तासांवरच्या हर्नडनच्या पलीकडेही होता. पुढच्या उन्हाळ्यात इथल्या सगळ्या मराठी मंडळांचं अधिवेशन भरणार होतं आणि तिथली सकाळची मैफल कोणाला द्यायची, हे त्या आजचं गाणं ऐकून ठरवणार होत्या. मोहनराव त्या मैफलीची सतरा वर्षं वाट बघत होते.

शिवाय हर्नडनच्या एका गायकाने रेकॉर्ड केलेला तानपुरा लावला म्हणून मोहनराव मध्यंतरात उठून आले होते, आणि मंडळाच्या दिवाळी अंकात त्यांनी त्यावर चार पानं लिहिली होती. मालिनीताईंनी ती पानं कापून जपून ठेवली आहेत, असं ऐकिवात होतं.

ललत सुरू झाला. मोहनराव ओठ हलवू लागले. त्यांच्या साथीला सिद्धेश होता. पीएचडीतून वेळ काढून तो तबला वाजवायचा. आज तो तबल्याच्या अर्धा इंच वर बोटं नाचवत होता.

"अहो, रेकॉर्डिंगमध्ये 'आ' चाललाय आणि तुम्ही 'ई' करताय," शरयू कुजबुजली. माइक बंद होता, पण कुजबुजल्याशिवाय तिला राहवेना.

मोहनरावांनी तोंड उघडलं.

"एवढं नको. डेंटिस्टकडे नाही बसलात."

अर्धा तास निभावलं. मालिनीताई डोळे अर्धवट मिटून, मांडीवर वही घेऊन मान डोलवत होत्या. वहीत त्यांनी अजून एक अक्षर लिहिलं नव्हतं. हे चांगलं की वाईट, कोणालाच कळेना.

आणि मग ती तान आली.

सोमवारी गाताना मोहनरावांना ती नीट ऐकूच आली नव्हती. आता आली. खालून उसळून वर गेली, वळली, आणि अशी समेवर उतरली, की मोहनरावांचा हात आपोआप वर गेला आणि ते मनापासून म्हणाले, "वा!"

रेकॉर्डिंगमधले मोहनराव पुढची तान घेत होते.

सिद्धेशची बोटं धपकन तबल्यावर पडली. "काका!" तो दातांतून म्हणाला.

मोहनरावांनी घाईने ओठ परत कामाला लावले. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला. पुसायला हात उचलायची हिंमत होईना.

"ताई बघतायत का?" त्यांनी श्वास घ्यायच्या जागी विचारलं.

शरयूने पडद्याला नाक लावलं. "डोलतायत."

"अजून?"

"अजून. वहीला हात नाही लावला."

मध्यंतरात तिने प्रायोजकांची नावं वाचली. एक दाताचे डॉक्टर, एक विमावाला आणि एक टिफिन सर्व्हिस. मालिनीताई तिन्ही नावांना डोलल्या.

"विमावाल्याला पण दाद?" शरयू माइक बंद करून म्हणाली.

"अगं, ललताचा अंमल आहे तो. असा उतरत नाही."

"पण काका, त्यांची मान समेवर येत नाहीये," सिद्धेश म्हणाला. "बाकीच्यांची पण नाही येत, यार."

"इंटरनेट," मोहनराव म्हणाले. "तू बोटं बघ."

साडेसातला भैरवी संपली. मोहनरावांनी वाकून नमस्कार केला. शरयूने कॅमेरा बंद केला आणि खुर्चीत अंग टाकलं.

"मीटिंग एंड करते."

"थांब." मोहनराव पडद्याजवळ आले. एकही चौकट कमी झाली नव्हती. त्रेपन्नच्या त्रेपन्न माणसं बसल्या जागी डोलत होती. "भैरवीनंतर लोकांना लगेच उठवत नाही, शरयू. असे श्रोते सतरा वर्षांत मिळाले नव्हते." त्यांचे डोळे भरून आले. फसवल्याचं वाईट वाटत होतं, पण गाणं तर त्यांचंच होतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मालिनीताईंचा.

"संपलं," सिद्धेश म्हणाला. "तो 'वा' पकडला त्यांनी."

मोहनरावांनी फोन स्पीकरवर घेतला.

"मोहनराव," मालिनीताई म्हणाल्या. "खरं सांगू?"

"सांगा, ताई." मोहनरावांचा आवाज खालच्या सुरातसुद्धा फाटला.

"अधिवेशनाची सकाळ तुमची. उगाच नाही म्हणत. दीड तास एकाग्र बसून ऐकणाऱ्यालाच कळेल, आज काय झालं ते."

शरयूने तोंडावर हात ठेवला. मोहनराव फोनपुढेच वाकले. "ताई, तुमच्यासारखा कान समोर असला, की गाणं आपोआप खरं होतं."

"बरं, एक छोटं काम होतं. अनिका, माझी नात, सगळं लावून देऊन झोपलीय आणि मला काही जमत नाहीये. शरयूला जरा विचारता का, तो माझा मान डोलवणारा व्हिडिओ बंद कसा करायचा?"