हिरवा अहवाल

अण्णांच्या छातीत कृत्रिम हृदय बसवून आठवडा झाला होता. उद्या ते घाटातल्या आपल्या गावी परतणार होते. त्या हृदयाची संगणक-प्रणाली तपासण्याचे काम त्यांची मुलगी शलाका हिच्याकडेच होते. विश्लेषक साधनाने हिरवा अहवाल दिला होता : ठोके चालवणारा भाग नेटवर्कवर अवलंबून नाही. तरीही तिने साधनाचे नियम उघडून पाहिले. एक जोडणी तपासणीतून वगळलेली होती. तिने तो अपवाद काढताच नकाशावर ठोक्यांकडून नेटवर्ककडे जाणारा लाल बाण उमटला. रेंज गेली, तर हृदय थांबणार होते; आणि घाटात रेंज सारखीच जायची.

तिने पडदा मुख्य रचनाकार दामल्यांकडे वळवला. "हा अपवाद कुणी घातला?"

"मीच. मुदत जवळ आली की सगळेच घालतात, मॅडम. पुढच्या आवृत्तीत काढू."

"आणि तोवर?"

दामले आवाज खाली आणून म्हणाले, "अण्णांना इथेच ठेवून घ्या. आमच्या सासऱ्यांनाही हेच हृदय आहे. त्यांना आम्ही शहराबाहेर जाऊच देत नाही."

शलाका म्हणाली, "म्हणजे घरच्यांपुरतं तुम्ही सांभाळलंत."

"तुम्हालाही सांगितलंच की. अपवाद परत घाला आणि सही करा."

तिने लाल अहवालावर सही केली आणि तो हे हृदय वापरणाऱ्या प्रत्येकाला पाठवून दिला.

"नोकरी जाईल तुमची," दामले पुटपुटले.

"जाऊ दे. तुम्ही आधी सासऱ्यांना फोन करा. इतके दिवस शहरात का कोंडलंत, ते त्यांनी विचारण्याआधी सांगा."