सावळदऱ्याची माहिती

बासष्ट साली सरकारी दवाखान्यासाठी सावळदऱ्याची माहिती लिहून घ्यायला बुलढाण्याहून एक साहेब आले. डोंगराआड लपलेलं सत्तर घरांचं गाव, जानेफळच्या दवाखान्यापर्यंत चार कोसांची गाडीवाट. सरपंच पंजाबरावांनी साहेबांना ओट्यावर बसवून चहा पाजला. दवाखाना आला तर गावातली एकुलती एक सपाट जमीन जाणार होती, आणि ती पंजाबरावांची होती. म्हणून ते म्हणाले, "लिवा साहेब, आमच्या गावात आजारपणच नाही. दवाखाना काऊन पाह्यजे?"

गावची सुईण मनकर्णाबाई ओट्यासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, सहा वर्सात अकरा बाया बाळंतपणात मेल्या. नावं सांगू?"

"तुले कोनं इचारलं वं?" पंजाबराव ओरडले.

साहेबांनी मात्र अकराही नावं लिहून घेतली.

दोन वर्षांनी पंजाबरावांच्या वावरात दवाखाना उभा राहिला. उद्घाटनाच्या दिवशी ते गर्दीतून वाट काढत मनकर्णाबाईपाशी आले. "गावाचं भलं कराले तुले माहंच वावर सापडलं?"

"गावासाठी कोनं केलं?" मनकर्णाबाई म्हणाली. "त्या अकरा जनीत माही लेक आशा होती. दोन दिवस अडली होती. तिले जानेफळले न्याले गाडी मांगाले मी तुमच्या दारात आली, तं तुमी म्हनलं, बैल वावरात जुंपले हायेत. आता वावर गेलं. बैल मोकळे असतीन."