कंपनीचा कावळा

दहाव्याला संपतने ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि भावकी चार पावलं मागे सरली.

पाखरं पवनचक्क्यांच्या पात्यांत येऊ नयेत म्हणून कंपनीने माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडला होता. तेव्हापासून माळावर कावळा उरला नव्हता. काही वर्षं लोकांनी दर्भाचा कावळा करून भागवलं. मग गावाने तक्रार केली आणि कंपनीने यंत्राचा कावळा दिला. तो मान वाकडी करून बघायचासुद्धा.

संपतने हात जोडले. त्याचे वडील हिंदूराव अकरा वर्षं एकाच गोष्टीसाठी भांडले होते. चक्क्यांखाली गेलेला माळ त्यांना परत हवा होता. तो परत मिळवायचं वचन संपतने दिल्याशिवाय कावळा शिवणार नाही, हे सगळेच धरून चालले होते.

"दादा, तुमचा माळ मी..." संपत एवढंच बोलला आणि कावळा उतरला. पिंडाला चोच लावून तो चक्क्यांकडे उडून गेला.

"शिवला! लगेच शिवला!" भावकीतलं कुणी म्हणालं, "म्हाताऱ्याची काही इच्छाच उरली नव्हती बघा." लोक सुटल्यासारखे घराकडे वळले.

हिंदूरावांची बायको तानूबाई मात्र हलली नाही.

"आई, चल. शिवला की."

"तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत? तुझा बाप माळाचा शब्द घेतल्याबिगर शिवला नसता."

ती पिंडाजवळ खाली बसली आणि रिकाम्या आभाळाकडे बघत म्हणाली, "तुम्ही या सवडीनं. आम्ही थांबतो."