ऊन दाखवणं

सूर्यवादळाचे तीन दिवस चंद्रावरच्या वसाहतीतली सातही माणसं तळघरात बसून होती. चौथ्या दिवशी वत्सलामावशी सगळ्यांआधी वर आल्या. ज्या पालकाच्या वाफ्यांतून त्यांची हवा यायची, ते हिरवेगार होते, तरी मावशींना मलूल वाटले. पावसाळा सरला की त्यांची आई गाद्यांना, डाळींना ऊन दाखवायची. मावशींनी खिडकीची झडप पुरती उघडली.

तासाभराने वाफे सांभाळणारी इरावती आली आणि दारातच थबकली. पानं पांढरी पडत चालली होती.

"मावशी, झडप कोणी उघडली?"

"मीच. अगं, तीन दिवस अंधारात होती बिचारी. म्हटलं, जरा ऊन खाऊ देत."

"जास्तीचं ऊन पानं एरवी टाकून देतात. वादळातल्या किरणांनी ती ताकदच मोडलीय त्यांची. आठवडाभर सावलीत ठेवायची होती!"

इरावतीने झडप ओढून घेतली आणि भिंतीवरचा प्राणवायूचा काटा पाहिला. यान यायला अकरा दिवस होते.

मावशींना हुंदका फुटला. इरावतीने त्यांचा हात धरला.

"रडू नका, मावशी," ती हळूच म्हणाली. "रडताना हवा जास्त लागते."